शैलाचे बर्फातले दोन दिवस

जुलै महिन्यात कुवेतमधल्या आमच्या महबूल्याच्या इमारतीत थंड पाण्याचा नळ सोडला तरी हाताला चटका बसतो, कारण गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापलेल्या असतात. त्याच दिवसांत, ड्यूटीवरून आल्यावर शैला घोरपडे पोटरीपर्यंत येणारे, दगडासारखे टणक प्लास्टिकचे बूट पायांत चढवायची आणि सातव्या मजल्यावरून जिना उतरू लागायची. खाड, खाड, खाड. खाली पोचली की पुन्हा वर. सगळ्या मजल्यांवरची दारं किलकिली व्हायची. इमारतीचा बांगलादेशी राखणदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो एकदा हात जोडून म्हणाला, "मॅडम, चाँद पे जा रही हो क्या?"

"नहीं भाई, बरफ पे," ती म्हणाली. "पाँव इधर नहीं रोएगा, तो उधर रोएगा."

ती इथल्या एका सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. मूळची कराडजवळच्या गावची, लग्न न केलेली. मी तिच्या खाली, पाचव्या मजल्यावर राहायचो. तेव्हा बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि मुलाच्या व्हिसावर इथेच थांबलो होतो. आमच्या मराठी मंडळाचा मी बरीच वर्षं अध्यक्ष होतो. नवरा-बायकोचं भांडण असो की भाडेकरूचं, लोक माझ्याकडे यायचे. राणेकाका सांगतील ते खरं, असं म्हणायचे.

स्कीइंगची ओढ तिला रोग्यांमुळे लागली. इथले श्रीमंत लोक हिवाळ्यात युरोपात जातात आणि गुडघा मोडून परत येतात. अशाच एकाला तिनं विचारलं, हा गुडघा नेमका वळतो तरी कसा? त्यानं इस्पितळाच्या फरशीवर सपाता घालून, कुबडी बाजूला ठेवून ते करून दाखवलं आणि पुन्हा पडला. पुढच्या रजेत ती गुलमर्गला गेली. तेव्हा तिनं चाळिशी गाठली होती. मग दरवर्षी कुठे ना कुठे. शेवटी तिला न्यूझीलंडचा शोध लागला. इथला उन्हाळा तो तिकडचा हिवाळा. तिथे हेलिकॉप्टर चार-पाच जणांना घेऊन जातं आणि जिथे रस्ता नाही, वर नेणारा तारेवरचा पाळणा नाही, माणसाचं पाऊलही नाही अशा डोंगरमाथ्यावर सोडून येतं. पुढे वाटाड्या, मागे प्रशिक्षक. प्रत्येकाचं वळण तो बघतो, चित्रित करतो, आणि संध्याकाळी लॉजवर पडद्यावर दाखवून चुका काढतो.

मंडळातल्या बायकांना हे मुळीच पटत नव्हतं. "माणसं गणपतीला गावी जातात, ही बर्फाला जाते," असं तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती म्हणायची, "गणपतीला माझा भाऊ आहे घरी. बर्फाला कोण आहे?"

पहिल्याच खेपेला तिथे तिची फजिती झाली होती. ती गोष्ट ती स्वतःच सांगायची. वाटाड्या प्रत्येक थांब्यावर विचारायचा, पाय कसे आहेत? ही म्हणायची, छान आहेत. मांड्या भरून आल्या होत्या, पण परक्यासमोर रडगाणं कशाला, म्हणून छान. पुढच्या उतारावर ती कोसळली आणि सगळ्यांचा दिवस तिथेच संपला. वाटाड्या चिडला नाही. तो म्हणाला, "तू जे सांगतेस त्यावर मी पुढचा उतार ठरवतो. माझ्याकडे दुसरं काही नसतं."

तेव्हापासून ती अर्धवट बोलायची नाही. कुणी जेवायला बोलावलं तर "बघते, जमलं तर येते" असं नाही. "येते", नाहीतर "नाही येत". लोकांना ते उद्धट वाटायचं. माझा गुडघा तीच बघायची. मला खुर्चीत बसवून पाय ताणायची आणि विचारायची, "दुखतंय?"

"तसं फार काही नाही."

"काका, त्यातलं 'तसं' काढा आणि 'फार' काढा. मग काय उरतं?"

"दुखतंय."

"मग तसं सांगा की. मी काय पाहुणी आहे?"

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला हवं.

त्या वर्षी ती ऑगस्टमध्ये गेली. जाण्यापूर्वी किल्ली द्यायला आली तेव्हा कागदावर लॉजचा नंबर लिहून दिला. "डोंगरात फोन लागत नाही. दादाला तुमचा नंबर दिलाय. आईचं वय झालंय. काही असलं तर संध्याकाळी लॉजवर फोन करून मला सांगा." आई कराडला तिच्या थोरल्या भावाकडे, अशोककडे असायची.

तिथे पोचल्यावर हवा बिघडली. वारा थांबेना आणि हेलिकॉप्टर उडेना. आठवड्यातले बरेच दिवस ती मंडळी खिडकीशी बसून होती. हे मला अधूनमधून येणाऱ्या तिच्या निरोपांवरून कळत होतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते असं बसून संपत चाललं होतं.

एके दिवशी पहाटे अशोकचा फोन आला. "काका, आई गेली ओ. झोपेतच गेली. शैलीचा फोन लागंना. मेसेजवर असलं कसं लिहू? एकटी हाय ती तिकडं. तुम्ही नीट सांगा तिला."

नीट सांगा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. परगावी एकट्या असलेल्या माणसाला कुणी गेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. 'जरा सीरियस आहे, निघून ये' म्हणतात. माणूस दारात येतो, गर्दी बघतो आणि समजतो. मी स्वतः माझ्या वडिलांच्या वेळी असाच मालवणला पोचलो होतो. त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं.

तिकडे संध्याकाळ झाली तेव्हा मी लॉजवर फोन लावला. ती धावत आली असावी, तिला धाप लागली होती. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "काका, वारा पडला! उद्या उडतोय आम्ही. उद्या आणि परवा, दोन्ही दिवस ऊन आहे." तिचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

मी म्हणालो, "आईची तब्येत थोडी नरम आहे."

मग तिनं विचारलं, "निघू का?"

इथे मला 'निघ' म्हणायचं होतं. रिवाजाप्रमाणेही तेच म्हणायचं असतं. मी म्हणालो, "तशी घाई नाही. तुझं आटपून निघ." आणखी थोडं बोलणं झालं आणि मी फोन ठेवला. तिनं 'तशी' काढून टाकायला सांगितलं नाही. बहुधा इतक्या लांबून तिनं माझ्यावर भरवसा ठेवला.

थोड्या वेळानं अशोकचा फोन आला. "सांगितलं का तिला?"

"सांगितलं."

"येती का ती? शीतपेटी आणलीया. ठेवू का आईला?"

मी हिशेब केला. तिथून कराडला यायला दोन दिवस तरी लागतात. दारात पेटी, ऑगस्टचा पाऊस, जमलेली माणसं. म्हणालो, "थांबू नका." ते माझं मत होतं. तो तिचा निरोप आहे असं अशोकला वाटलं, आणि त्याला तसं वाटतंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी काही बोललो नाही.

दोन दिवस तिनं बर्फावर काढले. तिसऱ्या दिवशी निघताना विमानतळावरून घरी फोन केला, तो भाचीनं उचलला. भाची म्हणाली, "आत्या, बाबा आत्ताच अस्थी घेऊन आले."

ती कराडला पोचली तेव्हा अशोकनं दार उघडलं, पण तो तिच्याशी बोलला नाही. ती त्याला सांगत राहिली की मला माहीत नव्हतं. तिच्यासमोरच त्यानं मला फोन लावला. "काका, ही म्हणती हिला ठाऊक नव्हतं. खरं काय?"

घरात माझी सून होती, मुलगा होता. मी म्हणालो, "मी निरोप दिला होता." यात एकही शब्द खोटा नाही, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं होतं.

कुवेतला परतल्यावर ती माझ्याकडे आली. सुनेनं चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मला सांभाळायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी तिच्या चहावर बशी झाकून ठेवली.

"दादाला एक फोन करा. खरं काय ते सांगा. बाकी मला काही नको."

"करतो," मी म्हणालो.

केला नाही. आज करू, उद्या करू, वर्षश्राद्ध होऊ दे, असं चालत राहिलं. ज्याचं बोलणं सगळे खरं मानतात त्यानं खोटं बोललो म्हणून सांगायचं, ते मला झालं नाही. मंडळात तोवर गोष्ट पसरली होती. 'आई गेली तरी हिनं घसरगुंडी सोडली नाही.' हे माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून लोक बोलले आहेत. मी त्यांना चहा दिला आहे.

तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज येऊन व्यायाम करवून घेतला. "दुखतंय?" विचारायची. मी "हो" म्हणायचो. पुढे ती न्यूझीलंडला गेली नाही, कुठेच गेली नाही. जुलैत जिना शांत असायचा. अशोकनं राखीपौर्णिमेला तिची राखी परत पाठवली, असं एकदा हारिसच्या हातातलं पाकीट बघून मला कळलं. असं सहा वर्षं चाललं.

यंदा थंडीत तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. ती स्वतः काम करायची त्याच इस्पितळात दाखल होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती फार वाळली होती. मी पलंगाशी बसलो, तिचा हात धरला आणि म्हणालो, "होशील बरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, पुन्हा?"

आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. महिन्याभरात ती गेली. माझ्या मुलानं आणि मंडळाच्या लोकांनी कागदपत्रं करून तिला मुंबईच्या विमानात चढवलं. अशोक विमानतळावर आला होता. इथे मंडळाच्या शोकसभेत दोघा-तिघांनी तिच्या साहसाचं कौतुक केलं. बाहेर चपला घालताना मागून तीच जुनी कुजबुज ऐकू आली. मी चपला घातल्या आणि घरी आलो. मला काही वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही, हे खरं तेच सांगतो.

तेरावं होऊ दे म्हणून मी आणखी थांबलो. थांबायला कारण मला नेहमीच सापडतं. मग एका दुपारी फोन लावला.

"अशोकराव, तुमची आई गेल्याचं मी शैलाला सांगितलं नव्हतं. तब्येत नरम आहे, घाई नाही, इतकंच सांगितलं."

त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"आणि थांबू नका, हे ती म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो होतो."

"मग ती काय म्हणाली?"

"निघू का, असं विचारलं."

"आनि?"

"आई जेवते का, असं विचारलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"मऊ भात खाल्ला म्हणून सांगितलं."

भांड्यांचा आवाज थांबला. फोन कट झाला असावा म्हणून मी कानापासून काढून पाहिला. तो चालू होता.

"म्हंजी तिनं इचारलं होतं," अशोक म्हणाला. "सहा वर्सं मी सगळ्यांस्नी सांगत आलो, एका शब्दानं इचारलं न्हाई म्हून."

"विचारलं होतं," मी म्हणालो.