दोन कार्बोरेटर आणि माझा कान

आता माझी फजिती कशी झाली ते सांगतो. हसायचं तर हसा, पण अर्ध्यात उठून जाऊ नका.

चिटगुप्प्याला मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. पण बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मला इतिहास कोण विचारतंय? तिथं मी गाड्यांचा जाणकार. काकांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल माझ्याकडं आहे, आणि नुसत्या आवाजावरून तिच्या पोटात काय दुखतंय ते मला कळतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

वाद झाला कार्बोरेटरवरून, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणाऱ्या भांड्यावरून. गाडीत होता जुन्या पद्धतीचा, केबल ओढली की पिस्टन थेट वर जाणारा. माझा मेव्हणा संतोष म्हणायला लागला, हवेच्या ओढीवर चालणारा नवा, व्हॅक्यूमचा बसवा, गाडी मऊ पळते. आता हा संतोष कोण? हार्डवेअरचं दुकान चालवणारा. गाडी म्हणजे याला सिमेंटचं पोतं न्यायचं साधन. असल्या माणसाकडून मी शिकायचं?

तरी म्हटलं, होऊन जाऊ दे. सकाळी जुन्यावर हुमनाबादला जाऊन आलो. गाडी त्याच्याकडं सोडली, म्हटलं तुझं ते डबडं बसवून ठेव. सांजंला गेलो तर तो काहीतरी सांगायला लागला. मी हातानंच थांबवलं, किल्ली उचलली आणि त्याच रस्त्याला लागलो.

काय सांगू तुम्हाला, गावाबाहेर पडते न पडते तोच गाडी रडायला लागली. चढाला दम नाही, आवाजात जीव नाही. हॉटेलात येऊन मी निकाल दिला, "सकाळी घुमत होती, आता शेळीवानी खोकायलीय. व्हॅक्यूम बसवणाऱ्यानं सरळ शिलाई मशीन घ्यावं."

हे ऐकलं शिवराजअण्णानं. कापडाचा व्यापारी, तसलीच गाडी, आणि ती व्हॅक्यूमवर झकास चालणारी. माझ्या शब्दाखातर त्यानं चांगली वस्तू काढली, कुठनं तरी जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर आणून बसवला आणि बायकोला मागं घेऊन गाणगापूरला दर्शनाला निघाला. कलबुर्गीच्या अलीकडंच गाडी बंद. गाडी टेम्पोत, नवरा-बायको तिच्या दोन बाजूंना, असे परत आले.

तो तक्रार घेऊन आला, तर मी त्यालाच सुनावलं, की जुन्याला चालवणाऱ्याचा हात लागतो, कान लागतो. वर साक्षीला संतोषला बोलावून घेतलं. म्हटलं, सांग सगळ्यांना, तुझ्या व्हॅक्यूमनं काय दिवे लावले ते.

संतोष जरा घुटमळला. "दाजी, नवा बसवलाच न्हाई. त्याचं रबर यायचं होतं. दोन्ही बारी तुम्ही जुन्यावरच फिरलाव."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तेच सांगायलो होतो. तुम्ही ऐकाय तयार न्हाई."

हॉटेलात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे खाली बघून बशीत चहा ओतायला लागले.

शिवराजअण्णा बरेच दिवस बोलला नाही. आता बोलतो. मी आलो की एकाच किटलीतले दोन कप भरून पुढं ठेवतो आणि विचारतो, "सर, यातला भारी कोणता?"

परवा बोलण्याच्या नादात मी दोन्हींचा घोट घेतला आणि म्हणालो, "डावीकडचा."