दोन सेकंदांची आत्या

ॲप उघडताना क्षणभर जे चित्र दिसतं, त्याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. आमच्या धंद्यात ते जितक्या लवकर जाईल तितकं चांगलं. गिऱ्हाइकाचा लोगो यायचा होता, म्हणून तात्पुरता मी तिथे हाताशी असलेला आत्याचा फोटो टाकला होता. दारात उभी, चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं. तिला दाखवला तर म्हणाली, "अरे, बोलावतोस काय नि लगेच हाकलतोस काय! थांबू दे की जरा."

"लोक थांबत नाहीत गं," मी हसून म्हणालो.

लोगो आला, ॲप लोकांच्या हाती गेलं. पुढे आत्याही गेली. चाचणीची ती जुनी प्रत मात्र माझ्या फोनमध्ये राहून गेली होती. आज चुकून तिच्यावर बोट पडलं. आत्या दारात आली, काहीतरी सांगणार एवढ्यात पडदा पांढरा झाला. पुन्हा उघडलं. पुन्हा तसंच.

कोडमध्ये दोनाच्या जागी दहा लिहायचं, एवढंच काम. मघापासून त्या आकड्यापाशी येऊन थांबलो आहे. दोन सेकंदांत ती आता बोलेल असं वाटतं. दहा सेकंद थांबली, तर तो फोटो आहे हे कळेल.