सगळ्यांनी मिळून ओढायचं कोनफळ

वसईच्या होळी गावातल्या आमच्या आळीत नथूकाकांइतका खडूस माणूस दुसरा नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. समोरासमोर घरं आणि मधे एक विहीर, त्यामुळे आमच्यात भीडभाड अशी काही उरलेली नाही. संध्याकाळी मी पतपेढीतून घरी येते तेव्हा काका वाडीत वाकलेले असतात आणि मान वर न करता विचारतात, "आली का गो इनू?" माझं विनिता हे नाव त्यांना जन्मात झेपलं नाही.

पालेभाजी, मुळा, थोडी केळी हे त्यांच्या वाडीतही सगळ्यांसारखंच. पण जीव सगळा कोनफळात. हा जांभळा कंद जमिनीत खोल वाढतो. वेल वाळला की चहूबाजूंनी माती काढत तो अखंड वर घ्यावा लागतो, जखम झाली तर टिकत नाही. इतर कुठलंही काम निघालं की आळीतले सगळे एकमेकांकडे हाताला हात लावायला जातात. नथूकाकांच्या कोनफळाला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालायचा नाही. त्यांच्या बायकोने, धोंडूकाकीनेसुद्धा टोपली घेऊन लांब उभं राहायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा जितेश शाळेत असताना हौसेने कुदळ घेऊन गेला आणि त्याने कंद मधोमध तोडला. काकांनी सगळ्या आळीदेखत त्याला वाडीतून हाकललं. "परत हिकडं पाय ठेवू नुको," म्हणाले. पोरगं फारच आज्ञाधारक निघालं. शिकलं, अंधेरीला नोकरीला लागलं, लग्न केलं आणि स्टेशनच्या पलीकडे एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहायला गेलं. एकाच गावात राहून सणासुदीला पाहुण्यासारखं यायचं आणि चहा पिऊन जायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं.

मग गेल्या मे महिन्यात त्याची मुलगी निधी होळीतल्या घरी येऊन राहिली. वय पाच. आईवडिलांना सुट्टी नव्हती आणि पाळणाघर बंद होतं, म्हणून आली, नाहीतर कसली येते! ओसरीवर मोबाईल घेऊन बसायची आणि एकच कार्टून बघायची. रशियातल्या जुन्या लोककथेवरून काढलेली मालिका, हिंदीत बोलणारी. गोष्ट साधी आहे. आजोबांनी सलगम लावलेला असतो, तो इतका मोठा होतो की उपटत नाही. मग आजोबा आजीला हाक मारतात, आजी नातीला, नात कुत्र्याला, कुत्रा मांजराला, आणि सगळ्यात शेवटी उंदीर येतो. एकमेकांच्या कमरेला धरून सगळे ओढतात आणि धपकन मागे पडतात. पुढच्या भागांत कधी गाडी अडकते, कधी दार अडकतं, पण रांग तीच आणि पडणंही तेच.

पहिल्या दिवशी काका खेकसले, "कसला सलगम? फुगलेला मुळा हाय तो. नि असा वडतात कोन? चारी बाजूनं माती नको काढायला?" दुसऱ्या दिवसापासून तेच नातीच्या मागे बसून मालिका बघायला लागले. त्यांना हिंदी फारसं कळत नाही, पण रांगेत कोण कधी येतं ते पाठ झालं. मांजर यायच्या आधीच हे म्हणायचे, "आता मांजर येल बघ." निधी टाळ्या वाजवायची. धोंडूकाकी मला विहिरीवर म्हणाली, "इनू, यांना आसा हसताना मी आमच्या लग्नात बी नय बगला."

सुट्टी संपताना निधीने हट्ट धरला की आपणही लावायचा. सलगम काही होळीत होत नाही. काकांनी खोल खड्डा घेतला, भरपूर शेणखत घातलं आणि निधीच्या हाताने कोनफळाचा तुकडा लावून घेतला. "सगळ्यांनी मिळून ओढायचं हां आजोबा, प्रॉमिस," ती म्हणाली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोनफळाला कुणाची सावली पडू दिली नाही, तो म्हणाला, "परामिस. मी, तुजी आजी, तुजा बाबा, आई, समदी."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. आळीत दिसेल त्याला सांगायचे, संक्रांतीला जितेश येणार, सूनबाई क्षितिजा येणार, सगळे मिळून कोनफळ काढणार. त्यांना काय हवं होतं ते न सांगताही कळत होतं. मुलाने एकदा वाडीत यावं आणि त्यांच्या कमरेला धरून उभं राहावं. तोंडाने "ये" म्हणायचं मात्र जिवावर यायचं, म्हणून सगळा भार त्या पोरीच्या प्रॉमिसवर टाकला होता. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. स्वतःच्या मुलाला हाक मारायला कार्टून कशाला लागतं?

संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. आदल्या दिवशी काकांनी एरवी मेले असते तरी केली नसती अशी चूक केली. पोरीच्या हाताला यावं म्हणून कंदाच्या बाजूची माती काढून तो सैल करून ठेवला आणि वरून भुसभुशीत माती लोटली. असा मोकळा केलेला कंद त्याच दिवशी वर घ्यायचा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रविवारी सकाळी जितेशचा फोन आला, सोसायटीत हळदीकुंकू आहे, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी निधीच्या मैत्रिणीचा वाढदिवस निघाला.

मी म्हटलं, "काका, काढून घ्या आता." तर म्हणाले, "परामिस दिलाय." आणि मग घूस लागली. एका बाजूने बीळ करून तिने कंद आतून पोखरला, उरलेला सडला. गोष्टीत उंदीर सगळ्यात शेवटी मदतीला येतो, आमच्या होळीत त्याची ही थोरली बहीण सगळ्यांच्या आधी येऊन गेली. हे मी बोलले नाही. काका खड्ड्याशी नुसते बसून होते, हाताला काळा चिखल लागलेला तसाच.

त्यानंतरच्या शनिवारी ते मला वसईच्या बाजारात दिसले. ज्या बाजारात त्यांनी जन्मभर भाजी विकली तिथे हा माणूस कोनफळ विकत घेत होता. भाजीवाली हसून विचारत होती, "नथूशेट, तुमी इकत?" ते म्हणाले, "पावन्यांना हवाय." मला बघितल्यावर पिशवी पाठीमागे धरली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "इनू, कोनाला बोलशील तर बघ." संध्याकाळी ते कोनफळ त्यांनी त्याच खड्ड्यात उभं पुरलं आणि वाळलेला वेल सुतळीने त्याच्या डोक्याला बांधला. धोंडूकाकी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे खरंच आले. गाडी रस्त्यावर उभी होती, जेवायला पुढे कुठेतरी जायचं होतं. क्षितिजा मुलगी वाईट नाही. चांगली साडी नेसली होती तरी चपला हातात घेऊन बांधापर्यंत आली. जितेश मात्र बांधावरच उभा राहिला. काका घसा खाकरून म्हणाले, "जित्या, ये ना खाली. माज्या पाठी रव." म्हणजे शेवटी निघालं तोंडातून! जितेशने खिशातून मोबाईल काढला. "तुम्ही करा ना बाबा. मी शूट करतो. कोणीतरी शूट करायला पाहिजे ना?" मला त्या क्षणी त्याच्या हातातला मोबाईल विहिरीत टाकावासा वाटला.

"मी पहली!" निधी ओरडली आणि तिने वेल धरला. काका अजून मुलाकडेच बघत होते. "थांब गो, समद्यांना येऊ दे," ते म्हणाले. मागे हात करून त्यांनी धोंडूकाकीला बोलावलं. काकी त्यांच्या कमरेला धरणार, तेवढ्यात निधीने ओढलं. कोनफळ टुणकन बाहेर आलं. भुसभुशीत मातीत कालच ठेवलेलं, दुसरं काय होणार? कुणी मागे पडलं नाही. कुणी कुणाला धरलंच नव्हतं. काकीने पटकन पुढे होऊन सुतळीची गाठ मुठीत झाकली.

निधी हातातल्या कंदाकडे बघत राहिली. मग तिने आजोबांकडे बघितलं. "हे तर एकदम इझी होतं. तुम्हाला एकट्याला पण निघालं असतं."

"हो गो," काका म्हणाले.

"मग आम्हाला कशाला बोलावलं?"

पोरीने साधंच विचारलं होतं, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. क्षितिजा म्हणाली, "निधी, असं नाही बोलायचं." जितेशने मोबाईल खाली केला आणि घड्याळात बघितलं. काका तो खड्डा पायाने बुजवायला लागले.

व्हिडिओ त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर गेला. 'आमच्या शेतातलं' असं खाली लिहिलेलं होतं आणि निधीचा प्रश्न येण्याआधीच तो कापलेला होता. धोंडूकाकीने ते कोनफळ शिजवलं नाही, माझ्या हातात आणून दिलं. मीही नाही शिजवलं.

मे महिन्यापासून दर रविवारी सकाळी काका एव्हरशाईनला फोन लावायचे, कोनफळ केवढं झालं असेल ते सांगायच्या निमित्ताने. आता लावत नाहीत. रविवारीही वाडीतच वाकलेले असतात. फोन का बंद झाला, हे तिकडून अजून कुणी विचारलेलं नाही.