गारपगाऱ्याची किरकोळ रजा

एकोणीस वर्षं झाली, नत्थुजी गारपगाऱ्यानं फाल्गुन-चैत्रात पिंपळझरीची शीव ओलांडली नव्हती. त्याला याचा अभिमान असेल असं गावाला वाटे. त्याला मात्र याचा वीट आला होता.

अमरावतीहून येताना वलगावच्या अलीकडचं हे गाव. खळ्यावर गहू आला आणि आभाळात काळा ढग दिसला, की मारुतीच्या पारावर चढायचं, त्रिशूळ ढगावर रोखायचा आणि गार परत जाईपर्यंत त्याला पोटभर शिव्या द्यायच्या, हे त्याचं सात पिढ्यांचं काम. गार पडली नाही तर मारुतीची कृपा, पडली तर नत्थुजीचा गुन्हा, असा गावचा न्याय होता. एकोणीस वर्षांपूर्वी एकदाच तो साळ्याच्या लग्नाला तिवस्याला गेला आणि नेमकी त्याच दुपारी लिंबाएवढी गार पडली. तेव्हापासून कोणाची म्हैस आटली तरी लोक विचारत, "काहून, नत्थुजी तिवस्याले गेलता काय?"

यंदा त्याची लेक शकुन चिखलदऱ्याला बाळंत झाली. जावई तिथं कॉफीच्या मळ्यात कामाला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पाळणा हललेला, तिची तब्येत नाजूक, म्हणून ती माहेरी आली नव्हती. 'बाबा, रविवारी बारसं आहे. या वेळी तरी या,' असं कार्ड आलं. ते वाचून दाखवलं शाळेच्या वसंत मास्तरांनी.

"खुशाल जा हो," अमरावतीत शिकलेले मास्तर म्हणाले. "गार वातावरणातल्या थंडीनं होते. ती त्रिशुळाला भीत नाही."

"तुमचं खरं असन, मास्तर. पन गार पडली त बोल मले लागते. गावानं मले चारचौघांत मोकळं केलं पायजे."

मास्तरांना युक्ती सुचली. त्याच आठवड्यात, मंगळवारी, पंचायत समितीनं गावात 'निसर्ग व वारसा दिन' ठेवला होता. कार्यक्रमपत्रिकेत मास्तरांनी घुसडलं : 'साडेअकरा वाजता गार अडवण्याचे प्रात्यक्षिक.' समितीचे साहेब पाहतील, ही अंधश्रद्धा आहे म्हणतील आणि नत्थुजी सुटेल. बेत सरळ होता. सरळ बेतांचं पुढं काय होतं ते आपण जाणतोच.

मंगळवारी ऊन असं, की दगडाला घाम फुटावा. वरून हुकूम फाल्गुनात आला, म्हणून झाडंही फाल्गुनातच लावली. लावल्या लावल्या रोपांनी माना टाकल्या. मग जुन्या बारवेतला गाळ काढला आणि बरोबर साडेअकराला साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"चला, अडवा गार."

नत्थुजीनं वर पाहिलं. "सायेब, ढग कुठी हाये?"

"आहे असं समजा."

"समजलेल्या ढगाले शिव्या कशा देऊ? रिकामं आभाय राग धरते."

"दे न दोन-चार," सरपंच शेषराव म्हणाले. "सायबाले जेवाची घाई हाये."

नत्थुजीनं त्रिशूळ उचलून दोन-चार मिळमिळीत शिव्या दिल्या. साहेबांनी वहीत 'उपयोग नाही' असं लिहिलं आणि ते भाषणाला उभे राहिले. "या गृहस्थांना गावानं आजपासून..." एवढं म्हणतात तोच वावटळ आली आणि मांडवाचं कापड घेऊन गेली. पाठोपाठ पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ आलं आणि गार कोसळली.

सगळी सभा बारवेच्या कमानीखाली धावली. साहेबांनी गाळाचं घमेलं डोक्यावर पालथं घातलं होतं. टकलावर दोन गारा बसलेले वसंत मास्तरच आधी ओरडले, "अहो नत्थुजी, करा काहीतरी!"

"पाहून काय राहिला?" शेषराव रडकुंडीला आले. "गहू खयावर हाये!"

नत्थुजी हलला नाही. साहेब आणखी दोन शब्द बोलले असते तर तो सुटला असता. पडू दे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. मग समोरच्या खळ्यावर उघडी पडलेली रास त्याला दिसली. गव्हानं त्याचं काय वाकडं केलं होतं? त्यानं साहेबांच्या डोक्यावरचं घमेलं काढून आपल्या डोक्यावर घातलं आणि तो पारावर गेला. या वेळच्या शिव्या खऱ्या होत्या. एकोणीस वर्षांचा सगळा राग त्यानं त्या ढगावर काढला. पाच मिनिटांत गार थांबली. ती एरवीही पाच मिनिटांतच थांबते, हे नत्थुजीइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी 'उपयोग नाही' खोडलं आणि नवं लिहून मोठ्यानं वाचलं, "उपयुक्त वारसा. सदर इसमाने फाल्गुन व चैत्रात परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये."

टाळ्या पडल्या. नत्थुजी गारांवरच मटकन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

मग डोळे पुसून नत्थुजीनं विचारलं, "सायेब, मुख्यालय म्हंजे हे नोकरीच झाली न?"

"तसंच समजा."

"मंग रजा?"

साहेबांनी वही पुन्हा उघडली. सबंध हयात रजेच्या अर्जांत गेलेला माणूस, नाही कसं म्हणणार? "किरकोळ रजा मिळेल," ते म्हणाले. "पण बदली माणूस हवा. लिहिता-वाचता येणारा, जबाबदार."

सगळ्या गावानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नत्थुजीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कागद ओढला. 'त्रिशूळ एक, गंजलेला. घमेले एक, पोचे आलेले. चार्ज घेतला.' सही करता करता त्यांनी हळूच विचारलं, "आणि शिव्या?"

"थ्या ज्याच्या त्यानं आनाव्या लागतात, मास्तर."

शनिवारी नत्थुजी परतवाड्याच्या एसटीत बसला. मांडीवर नातीसाठी झबलं होतं. आसेगावच्या पुढं त्यानं सहज मागं वळून पाहिलं, तर पिंपळझरीच्या बाजूला काळा ढग उठलेला. सवयीनं त्याचा हात वर गेला. मग त्यानं तो खाली घेतला आणि झबल्याची घडी नीट केली. चार्ज मास्तरांकडे होता.