धाकट्याची होडी

“आधी माझं सांग रं, मग तुझं.” चहाचा कप बाकावर ठेवून, बोटांवरचं तेल चिंधीला पुसत माझा शेजारच्या मशीनवरचा दोस्त हे म्हणायचा. वाद घालायचा हा त्याचा कायदा होता. समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडता आली, तरच आपली मांडायची. कारखान्यांच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात क्रिकेटपासून पगारवाढीपर्यंत सगळ्यावर भांडणं व्हायची, पण हा नियम पाळणारे आम्ही दोघंच. बाकीचे आम्हाला वकीलसाहेब म्हणत.

आमचा खटला एका व्हिडिओ गेमचा होता. तीन भागांची मालिका. दोन भाऊ बुडालेल्या मुलखातून वाट काढत समुद्रापर्यंत येतात. शेवटी थोरला जखमी होतो, होडीत जागा एकाचीच, आणि तो धाकट्याला ढकलून होडीत बसवतो. धाकटा एकटाच निघून जातो. संपलं. या शेवटावरून खेळणारे नेटवर एकमेकांना शिव्या घालत होते. मला तो शेवट आवडला होता, त्याला अजिबात नाही.

“तीन भाग एका ताटात जेवले आनि शेवटी एकट्यानं जायचं? मी असतो तर उतरलो असतो,” तो म्हणायचा. आवाज कधी चढला नाही. माझा कप रिकामा दिसला की आपल्यातला अर्धा चहा त्यात ओतायचा आणि म्हणायचा, “हां, बोल आता.” तिशी ओलांडलेली दोन माणसं अशा गोष्टीवर रोज बोलतात, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

तो विणकरांच्या वडगावचा. आईवडील लवकर गेले. थोरल्या भावानं, अण्णानं, घरातल्या पॉवरलूमवर साड्या विणून त्याला आयटीआय शिकवलं. मागाच्या खडखडाटात अण्णाचे कान गेले होते. संध्याकाळी माग थांबला की हा खेळायला बसायचा आणि अण्णा शेजारी. पडद्यावर कोण काय बोललं ते हा त्याच्या कानाशी ओरडून सांगायचा. गल्लीलाही गोष्ट पाठ झाली होती.

एके दिवशी चहाला तो म्हणाला, “आज तुझं मी सांगतो.” आणि ते त्यानं असं सांगितलं, की तसं मला कधी जमलं नव्हतं.

“धाकटा उतरला असता, तर थोरल्याला जन्मभर वाटलं असतं, माझ्यापायी ह्यो अडकला. म्हणून जायचं.”

मग तो माझ्याकडं बघत थांबला. नियमाप्रमाणे आता त्याची बाजू मी मांडायची होती. मी मात्र जिंकल्याच्या खुशीत. “पटलं न्हवं शेवटी?” म्हणालो आणि उठून मशीनवर गेलो.

त्याच आठवड्यात तो पुण्याला गेला. तिकडच्या कारखान्याचं बोलावणं आलंय, हे निरोप घेतानाच त्यानं सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अण्णाजवळ राहण्याची बाजू त्याला एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची होती. मी बोललो असतो तरी तो गेलाच असता, असं मी स्वतःला सांगतो. पण मन खातंच.

परवा वडगावला अण्णाकडं गेलो. त्यानं माग बंद केला, मला टीव्हीसमोर बसवलं आणि खेळाचा रिमोट हातात दिला.

“शेवटचं थोडं बाकी हाय म्हणत हुता त्यो. मला दावायचं ऱ्हायलं. तुला येतंय न्हवं? दाव की.”

म्हणजे तो शेवट त्यानं अण्णाला दाखवलाच नव्हता. मी खेळ सुरू केला. थोड्याच वेळात किनारा आला, होडी दिसली. थोरला काहीतरी बोलू लागला, तसा अण्णानं कान माझ्या तोंडाशी आणला.

“काय म्हणतोय रं थोरला?”

मी टीव्ही बंद केला. त्याच्या कानाशी ओरडून म्हणालो, “अजून लई बाकी हाय, अण्णा.”

“व्हय? मग ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाला आणि रिमोट पंच्याच्या घडीत गुंडाळू लागला. “त्यो आला की दोघं मिळून बघतो.”