बाईंनी उसवायला लावलेली शाल

लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत दर बुधवारी विणकाम शिकवणाऱ्या बाईंना सगळ्याजणी ‘उसवबाई’ म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? चूक दिसली रे दिसली की बाईंचा एकच हुकूम, “उसवा!”

त्या वर्षी वर्गात चटईची वीण चालू होती. तिरके चौकोन एकमेकांत ओवल्यासारखे दिसतात, पण एकाच्या कडेवरून टाके उचलून दुसरा चढवायचा असतो. म्हणजे खालचा एक उसवायचा तर वरचं सगळंच गेलं. आता बोला! टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या एका आजींनी, सुट्टीत येणाऱ्या नातीसाठी चार महिने खपून अख्खी शाल पुरी करून आणली. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोट फिरवलं आणि खालून दुसऱ्याच ओळीत थांबल्या.

“इथे आठाऐवजी सातच टाके उचललेत. उसवा.”

“अहो, पुरी झालीय आता!”

“मग काय झालं?”

आजी तासभर उसवत बसल्या. बाकीच्या बाराजणी आपापले टाके पुन्हा मोजू लागल्या.

पुन्हा जेमतेम चार ओळी झाल्या आणि झटका येऊन आजींचा उजवा हात लुळा पडला.

हे बाईंना कळलं. त्यांनी आजींच्या घरून ते विणकाम मागवून घेतलं, वर्गाला सुट्टी दिली आणि तीन आठवडे सुया खाली ठेवल्या नाहीत. हात सफाईने चालत होता, पण मन खायचं ते खातच होतं. पुरी झालेली शाल घेऊन त्या आजींच्या खाटेशी जाऊन बसल्या आणि एकदाचं बोलून टाकलं.

“ती चूक कुणाच्या लक्षातही आली नसती हो. मला दिसली, हे सगळ्यांना दाखवायचं होतं, बस्स. मेली माझी मिजास! माफ करा मला.”

आजींनी डाव्या हाताने शाल चाचपली. “छान झालीय. मी नाही रागावले.”

बाईंच्या जिवात जीव आला. “नात आली की सांगा, आजीने विणली म्हणून.”

“खोटं कशाला सांगू, बाई?” आजी म्हणाल्या. “चारच ओळी माझ्या आहेत यात. आणि मी पुरी केली होती, ती तिला आता कुठून दाखवू?”