पागेचा लसूणघास

विलीनीकरण झालं आणि संस्थानाच्या पागेतले घोडे गेले. माझे वडील पागेच्या चाऱ्याचे कारकून. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घोड्यांसाठी लसूणघास पिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. इकडे हिंदी मुलखात त्याला रिजका म्हणतात. घोडे गेल्यावर दादा घरात फारसं बोलेनासे झाले.

पुढे ते घासाचं रान शेतकी खात्याकडे आलं आणि दादाही. आता घास दुधाच्या म्हशींसाठी लावायचा होता. विहिरीजवळच्या वाफ्यात पागेची लीद वर्षानुवर्षं पडलेली. तिथला घास कमरेला लागायचा. पलीकडचा वाफा पडीक, चिकणमातीचा. बी तेच, पेरणी एकाच दिवशी, पण तिथला घास वीतभरच वाढून फुलावर आला. म्हशी पानं खाऊन जरड काड्या गव्हाणीत टाकून द्यायच्या.

नवे साहेब इंदूरहून आलेले, तरुण मराठी गृहस्थ. ते म्हणाले, "पाणी दुप्पट द्या."

"साहेब, जमीन उपाशी आहे. नुसत्या पाण्यानं भागायचं नाही," दादा म्हणाले.

हुकूम तो हुकूम. पाणी दिलं. ते वाफ्यात साचून राहिलं आणि घास पिवळा पडला. साहेबांनी येऊन बांधावरून वाफा पाहिला. मग हळूच म्हणाले, "आता तुम्ही म्हणाल तसं."

दादांनी वाफ्याला उतार दिला, कुजलेलं शेणखत आणि हाडांचं खत मातीत मिसळलं, घास पुन्हा पेरला. पाणी बेताचं, माती मुठीत दाबून बघितल्यावरच. एका सुट्टीत मीही गेले होते. दादांनी एक रोप मुळासकट उपटून माझ्या हातात दिलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी होत्या. मी एक नखानं फोडली, आत गुलाबी.

"गुलाबी म्हणजे घास हवेतून आपलं खत आपणच करतोय," दादा म्हणाले. मग किती तरी वेळ बोलतच राहिले, घोड्यांविषयीसुद्धा. घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा तिनं पोळी लाटता लाटता डोळे पुसले.

त्या हिवाळ्यात म्हशींनी गव्हाण चाटून साफ केली.

राज्य पुनर्रचनेत कचेरी भोपाळला गेली. साहेबांनी दादांना बढती देऊ केली, तिथल्या टेबलाची. दादा नको म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते रोज सकाळी सायकल काढून रानात जात राहिले.